हरणाची राखण कोणाच्या खर्चाने?

पारनेरच्या पठारावर पावसाचा भरवसा नसतो. कोवळ्या पिकात हरणे उतरणार याचा मात्र असतो. कान्हूर पठाराकडचा वाटाणा असो, मूग असो की मागाहून पेरलेली ज्वारी असो, पीक वीतभर वर आले की शेतकऱ्याच्या घरातला एक माणूस रात्री घरी नसतो. बांधावर जुन्या लुगड्यांचे कुंपण करायचे, पत्र्याचे डबे वाजवायचे, फटाके लावायचे आणि अलीकडे कुत्र्याचे भुंकणे भरून ठेवलेला भोंगा बॅटरीवर रात्रभर चालवायचा, असे नाना उपाय चालतात. हरणे चार दिवस बुजतात आणि पाचव्या दिवशी त्याच भोंग्याखाली निवांत चरतात. मग पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या तालुक्यांतून मागणी येऊ लागते, की सरकारने आपली हरणे आवरावीत, नाहीतर आम्हाला तरी परवानगी द्यावी.

ही मागणी रास्त की गैर, याचा विचार पुढे करू. पण या वादात एक गोष्ट ध्यानात येते. शेतकरी बोलतो, वनखाते बोलते, पुण्या-मुंबईचे निसर्गप्रेमी बोलतात. ज्याचा हरणाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध, तो शिकारी तेवढा बोलत नाही. त्याला कोणी बोलावतही नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात हा शिकारी म्हणजे फासेपारधी. शिकारीचे नियम या देशात अनेकदा बदलले. ते बदलताना त्याला एकदाही विचारले गेले नाही, आणि प्रत्येक बदलाची किंमत मात्र आधी त्याच्याकडून वसूल झाली.

प्रथम हरणांविषयी. शास्त्राच्या भाषेत काळवीट आणि चिंकारा ही हरणे नव्हेत, ते कुरंग. हरणाची शिंगे भरीव, फांद्यांची असतात आणि दरसाल गळून नवी येतात. कुरंगाची शिंगे पोकळ आणि जन्मभराची. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणे, ती रानातली. काळवीट आणि चिंकारा हे उघड्या माळावरचे रहिवासी. बोलीभाषेत मात्र सगळी हरणेच, आणि या लेखातही तसेच म्हणू.

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळवीट अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे २.१७ चौरस किलोमीटर. संरक्षण मिळाले, कळप वाढले, आणि हरणाला अभयारण्याचा नकाशा वाचता येत नसल्यामुळे ते शेजारच्या ज्वारीत शिरले. कायद्याने काळवीट आणि चिंकारा दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. याच कायद्याच्या अकराव्या कलमात एक सूक्ष्म भेद आहे. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याने उभ्या पिकाची नासाडी केली, तर त्याला मारण्याची परवानगी देता येते. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवावर उठला किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगी झाला, तरच. काळवीट कोणाच्या जिवावर उठत नाही, ते फक्त ज्वारी खाते. म्हणून त्याच्या बाबतीत शेतकऱ्याला नुकसानभरपाईचा अर्ज करण्यापलीकडे वाट नाही.

आता शिकाऱ्याकडे येऊ. पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास कैलाशचंद्र मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी केला; तो १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्यात नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी या तीन जमाती आहेत. एकाच मुलुखात फिरूनही तिघे एकमेकांच्या ताटात हात घालत नसत. नंदीवाले कुत्रे घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू मुंगूस, उदमांजर यांसारखे छोटे प्राणी धरत आणि पाण्यातले खेकडे, कासवे गोळा करत. काळवीट आणि तित्तर-लाव्यांसारखे पक्षी हे फासेपारध्याचे. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने, तिच्या चालीने चालत तो कळपापर्यंत पोचायचा. हरणांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर फासे मांडायचा आणि कळपाला हलकेच त्या बाजूला वळवायचा. गाभण मादी किंवा पाडस फाशात सापडले तर सोडून देण्याची रीत या जमातीत असल्याची नोंद आहे. ती सर्वांनी सर्वकाळ पाळली असेल असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण उद्याची शिकार आज मारू नये, एवढा हिशेब त्या धंद्यात होता.

मग माळावरचे हजारांचे कळप गेले कुठे? फाशात सगळे गेले असते, तर ते शेकडो वर्षांपूर्वीच संपायला हवे होते. खरा संहार जीप, रायफल आणि प्रखर दिवा हे तिघे एकत्र आल्यावर झाला. रात्री उजेडात दिपून उभा राहिलेला कळप गाडीत बसून टिपायला ना माग काढावा लागतो, ना वारा ओळखावा लागतो. त्याच्या जोडीला नांगर आला, कालवे आले, ऊस आला. माळरान म्हणजे पडीक जमीन असे सरकारी कागदांनी आधीच ठरवून टाकले होते, त्यामुळे ते मोडताना कोणाला हळहळ वाटली नाही. माळढोकाचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत भले मोठे अभयारण्य घोषित झाले. तरीही तो पक्षी आपल्या माळांवरून जवळजवळ नाहीसाच झाला. पाखराला कायद्याचे संरक्षण होते, गवताला नव्हते.

शिकारीच्या कायद्याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा म्हणजे शिकारबंदीचा कायदा, असा आपला सर्वसाधारण समज. काळविटासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांपुरता तो खराही आहे. पण मूळ कायद्यात विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि प्राणी जिवंत पकडणे असे चार प्रकारचे परवाने होते. चितळ, सांबर, भेकर, नीलगाय, रानडुक्कर ही 'मोठी शिकार'. ती कशी करावी, हे सतराव्या कलमात सांगितले होते. मोठ्या शिकारीला रायफलच हवी. परवान्यात खास लिहून दिले असेल तर एका गोळीची शॉटगन. जाळी, खड्डे, फासे आणि सापळे फक्त पकडण्याचा परवाना असेल तरच. ठाण्याच्या वारल्याचा किंवा गडचिरोलीच्या माडियाचा तीरकामठा या हिशेबात बसतच नव्हता.

या कलमामागे क्रूरता टाळण्याचा हेतू असेल, आणि तो चांगलाच आहे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ काय झाला? रायफल परवडणारा माणूस अर्ज करून, फी भरून शिकारी राहिला. फासे आणि तीरकामठावाला त्याच दिवशी चोर झाला. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवानेच रद्द झाले आणि शिकार सर्वांनाच बंद झाली. म्हणजे एकोणीस वर्षे कायद्याने शिकाऱ्यांत उच्च-नीच भेद केला, आणि तो मिटवला तेव्हा दोघांनाही घरी बसवले. एकाला घर होते; दुसऱ्याला नव्हते.

फासेपारध्याच्या बाबतीत त्याआधीचे एक प्रकरण आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती देशभर वाढवली. जन्माला येणारे मूलच गुन्हेगार, अशी नोंद झालेल्या जमातींत फासेपारधी होता. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. वीस वर्षांनी नवा कायदा आला. पहिल्याने त्याला जन्माने गुन्हेगार ठरवले होते, दुसऱ्याने धंद्याने ठरवले. अनुसूचित जमातींच्या यादीत त्याचे नाव आहे. पण या कायद्यात शिकारीचा हक्क राखून ठेवला आहे तो फक्त निकोबार बेटांवरील जमातींचा. २००६ साली वनहक्क कायदा झाला, त्यात जमिनीचे, गौण वनोपजाचे अनेक पारंपरिक हक्क मान्य झाले. शिकारीचा आणि प्राणी धरण्याचा हक्क मात्र त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला.

अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणांची शिकार करणाऱ्यांचा वर्ग मोठा आहे. तिथेही नियम बदलतात आणि त्यावरून भांडणे होतात. धनुर्धारींना वेगळा हंगाम किती दिवस द्यायचा, बंदुकीसारखा चाप असलेले धनुष्य त्याच हंगामात चालवू द्यायचे की नाही, हरणांना आमिष घालून बोलवावे की नाही, यावर हमरीतुमरी होते. विस्कॉन्सिन राज्यात धनुष्याचा स्वतंत्र हंगाम १९३४ साली सुरू झाला. त्याच वर्षी तिथे नागरिकांची एक सल्लागार परिषद निर्माण झाली. आजही तिथल्या प्रत्येक जिल्ह्यात दर वसंतात सुनावणी होते. शिकारी, शेतकरी, निसर्गप्रेमी येतात आणि नियमांतल्या प्रस्तावित बदलांवर मत देतात. सरकारवर ते बंधन नसते, पण त्याला ते ऐकावे लागते. खर्चाची बाजूही उघड आहे. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणही त्या कराखाली आले. वर्ष तेच. तिकडे धनुर्धारी त्या वर्षी हरणाच्या राखणीचा वर्गणीदार झाला. इकडे तो आरोपी झाला.

याचा अर्थ आपणही शिकारीचे हंगाम सुरू करावेत असा कोणी घेऊ नये. त्यांची हरणे अमाप आहेत, मुलुख विस्तीर्ण आहे. आपल्याकडे माळाचे तुकडे उरले आहेत आणि त्यांवर बेताचे कळप. काळविटाच्या शिकारीला मोकळीक दिली तर परवाना एकाचा आणि प्राणी दहा, हे होणार. मांसाचा बाजार उभा राहायला वेळ लागणार नाही. निसर्गप्रेमींचे हे भय खोटे नाही. विदर्भात वाघांच्या शिकारीच्या प्रकरणांत मध्य प्रदेशातून येणाऱ्या बहेलिया टोळ्या पकडल्या गेल्या, शिक्षाही झाल्या. वडिलोपार्जित कसब मोठ्या तस्करांच्या हाती गेले की काय होते ते तिथे दिसले. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत ते योग्यच आहे, असे माझे मत आहे.

पण शिकारबंदीची भिंत सर्वत्र अभेद्य राहिलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. २०१५ साली महाराष्ट्राने रोही आणि रानडुक्कर यांच्या उपद्रवाबाबत परवानगीची वाट मोकळी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांपुरते हे दोन्ही प्राणी उपद्रवी ठरवले. जून २०१६ मध्ये तिथे मोकामा भागात काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगाई गोळ्या घालून मारल्या गेल्या. त्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांतच जाहीर वाद झाला. मारायला बोलावले होते हैदराबादचे बंदूकवाले. म्हणजे मारायची वेळ आली तेव्हाही कायद्याला रायफलच आठवली. अलीकडे जुन्नर, शिरूर, पारनेर या पट्ट्यात बिबट्यांचे हल्ले वाढल्यावर बिबट्यालाही पहिल्या अनुसूचीतून काढा, अशी मागणी झाली. माधव गाडगीळांनी तर सगळा वन्यजीव कायदाच लोकांवर अन्याय करणारा आहे, वन्यप्राण्यांचे काय करायचे ते स्थानिकांनी ठरवावे, असे निर्भीडपणे मांडले. त्यांच्याशी सर्व मुद्द्यांवर सहमत होणे मला जमत नाही. परंतु ज्याच्या शेतात प्राणी येतो त्याला विचारा, हा त्यांचा आग्रह टाळता येण्यासारखा नाही.

आणि विचारल्याने काय होते, हे पाहायला विस्कॉन्सिनला जाण्याची गरज नाही. पारनेर तालुक्यातच राळेगणसिद्धी आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तिथे जी कामे झाली, त्यांत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी होती. बंदी म्हटली की तिची झळ कोणाला तरी लागतेच. शेळ्या-मेंढ्या ज्याचे भांडवल, त्याला चराईबंदी सुखाची नव्हती. तरी ती टिकली, कारण ती गावाच्या बैठकीत ठरली होती आणि ज्यांनी झळ सोसली त्यांना पुढे पाणी आणि चारा दिसला. राजस्थानातल्या बिश्नोई समाजाने हरीण राखले तेही असेच, स्वतःहून घातलेल्या बंधनाने. पारध्यावरची बंदी वरून आली, आणि तिच्या बदल्यात त्याला काही दिसले नाही.

मी आयुष्यभर बँकेत चाकरी केली. कर्जाला आलेल्या माणसाला बँक पहिल्यांदा पत्ता विचारते आणि मग जामीन. ज्या माणसाचे पाल आज या माळावर आणि उद्या त्या ओढ्याकाठी, त्याची कर्जप्रकरणे या दोन रकान्यांपाशीच थांबतात. शेळीपालन करा, दुकान काढा, असा उपदेश त्याला करणे सोपे आहे. त्याच्या नावावर तो व्यवसाय उभा राहण्यासाठी लागणारा कागद आपल्या व्यवस्थेने त्याला क्वचितच दिला. कोर्टातही हाच प्रश्न येतो. ऑक्टोबर १९९८ मध्ये जोधपूरजवळ काळविटांची शिकार झाली. त्या खटल्यात सलमान खान यांना एप्रिल २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि दोनच दिवसांत जामीनही मिळाला. तो कायद्याने दिला, त्याबद्दल तक्रार नाही. पण तित्तर पकडताना सापडलेल्या पारध्यासाठी जामीन राहायला गावात कोण पुढे येईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्यातून गावात चोरी झाली की पहिला संशय त्याच्याच पालावर.

तात्पर्य, हरणे राखायची हे ठरले आहे आणि ते बरोबर आहे. राहिला प्रश्न खर्चाच्या वाटणीचा. आजच्या घडीला तो खर्च दोघांच्या नावे पडतो: कोरडवाहू शेतकरी आणि फासेपारधी. हरीण पाहून आनंदित होणारे आपण शहरातले लोक त्या खात्यात जवळजवळ काहीच भरत नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. शेतकऱ्याची भरपाई आज कागदावर आहे. ठराविक मुदतीत तक्रार, मग पंचनामा, मग मंजुरी. पुन्हा पेरायची वेळ टळून गेल्यावर हातात पडलेली रक्कम भरपाई म्हणून मोजता येत नाही. पंचनाम्याचे दिवस जसे शेतकऱ्यावर बंधनकारक आहेत, तसे पैसे देण्याचे दिवस सरकारवर असले पाहिजेत. दुसरे, गवताळ माळ पडीक म्हणून कारखान्यांना आणि लागवडीला देऊन टाकायचे आणि मग हरणे पिकात येतात म्हणून हाकाटी करायची, हे थांबले पाहिजे. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीने तालुक्याला रोजगार दिला हे खरे. पण माळाचा जो भाग अजून गवताखाली आहे, तो हरणांचे ताट आहे.

तिसरी गोष्ट पारध्याची. वाशीम जिल्ह्यात 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ माळ आणि तणमोर पक्षी राखण्याचे काम करते आहे. मध्य प्रदेशात पन्ना येथे पारधी तरुण पर्यटकांना जंगल पायी हिंडवून दाखवतात. ज्याच्या आजाने माग काढून शिकार केली, तो माग वाचून दाखवतो आणि त्याचे पैसे घेतो. आपल्या शेजारी पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वनखात्याने अलीकडच्या वर्षांत गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, त्यात स्थानिक तरुणांना वाटाड्याचे काम मिळते. रेहेकुरीला आणि पारनेरच्या पठारावर असे काम पारधी तरुणांसाठी राखून ठेवायला नवा कायदा लागत नाही. पिकात उतरलेला कळप न मारता माळाकडे कसा वळवावा, हे तर त्यांच्या घरचे ज्ञान. भोंग्यापेक्षा ते निश्चित उपयोगी पडेल.

दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांवर प्राण्यांची मोजदाद करते. शहरांतून हौशी मंडळी हजेरी लावतात, मचाणावर रात्र काढतात, सकाळी आकडे भरतात. चांगला उपक्रम आहे. पुढच्या बुद्धपौर्णिमेला आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मचाणावर एक फासेपारधी असावा. हजेरीपत्रकावर त्याचे नाव असावे, त्यापुढे त्याच्या गावाचे नाव असावे, आणि सकाळी त्याला त्या रात्रीची मजुरी मिळावी. काळवीट आणि चिंकारा यांचा माग अंधारातही ओळखणारा माणूस त्या मचाणावर दुसरा कोणी नसेल.